कर्जदाराच्या बाजूचा वकील

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते रोखे, गहाणखतं आणि चोपड्या. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पोचलं.

आज सुपे बारामती तालुक्यात आहे आणि मी याच भागात दिवाणी वकिली करतो. कागदांवरच एवढा राग का, हे मला रोजच्या कामातून उमगतं. 1859 च्या मुदत कायद्यामुळे साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणं भाग होतं. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात जमा होई. दरसाल शेकडा 24 चा दर धरा. 100 रुपयांचे तीन वर्षांत 172 झाले, नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी तो जवळपास 296 चा. कुळाच्या हाती आलेले रुपये मात्र शंभरच. दावा लागला की कुळ कोर्टात फिरकत नसे; वाचता येत नसे, वकिलाला पैसे नसत. एकतर्फी हुकूमनामा होई आणि मागोमाग जप्ती येई.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशानं रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता पहिल्या देण्याघेण्यापासून हिशोब तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. 50 रुपये किंवा जास्त देणं असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यातलं 69 वं कलम. समोरच्या पक्षाला वकील आहे आणि शेतकऱ्याची वकील देण्याची ऐपत नाही, असं दिसलं तर न्यायाधीश त्याच्या संमतीनं सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूनं उभं करू शकत असे. कायदा कितीही चांगला असला तरी तो बोलून दाखवणारा माणूस जवळ नसेल, तर गरिबाला त्याचा उपयोग नाही, हे त्या कलमानं ओळखलं होतं.

माझ्याकडे पक्षकार येतात ते बहुधा फार उशिरा. पिशवीत सही केलेल्या कोऱ्या चेकची झेरॉक्स, न फोडलेली नोटीस आणि कुठल्यातरी चिठ्ठीवरचा हिशोब असतो. पहिलं काम तेच, 1879 चं : मुद्दल किती, भरले किती, व्याज कशावर लावलं, हे ओळीनं मांडायचं. अर्ध्याहून अधिक भीती तिथेच उतरते, कारण पहिल्यांदाच कुणीतरी तो हिशोब त्यांच्या बाजूनं केलेला असतो.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं ही मदत हक्काची केली. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तेव्हा नोटीस आली की ती त्याच दिवशी फोडा, सगळे कागद घ्या आणि तिथे जा. कर्ज झालं म्हणून तोंड लपवू नका.