उधाणाची भरती आणि सीझरचे आरमार

अमावास्या व पौर्णिमेस चंद्र आणि सूर्य यांचे भरतीजनक बल एकाच रेषेत कार्य करते व उधाणाची भरती येते (यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी). गुरुत्वाकर्षणाच्या आधारे न्यूटनने याची मीमांसा १६८७ मध्ये केली. तत्पूर्वी, इ.स.पू. ५५ मध्ये, ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ज्यूलियस सीझरला उधाणाचा मोठा फटका बसला. पौर्णिमेच्या रात्री वादळही उठले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या युद्धनौकांत पाणी शिरले, नांगरलेली जहाजे भरकटली, एकूण १२ जहाजे निकामी झाली. पौर्णिमेच्या या महाभरतीची आपल्या लोकांना कल्पना नव्हती, असे सीझर लिहितो. हे स्पष्टीकरण मात्र अर्धेच पटते. आदल्याच वर्षी अटलांटिक किनाऱ्यावरील व्हेनेटी जमातीविरुद्धच्या मोहिमेत भरती-ओहोटीने केलेला अडथळा त्यानेच वर्णिला आहे. दैनंदिन भरती त्याला परिचित होती. तिचे पाक्षिक चक्र त्याने विचारात घेतले नाही.