ओठ मिटण्याआधी

आमच्या सावनेरच्या घरात टीव्ही देवघराच्या भिंतीला लागून होता. त्यामुळे आजीची जपमाळ आणि पोरांची कार्टूनं एकाच वेळी चालत. पंधराएक वर्षांपूर्वी एका दुपारी भाची 'निंजा हतोरी' बघत बसली होती. आजीनं माळ थांबवून विचारलं, "हा पोट्टा बोलते कोण रे?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की हिंदीतला हा आवाज मेघना एरंडे या मराठी बाईचा आहे. शिवाय 1981च्या जपानी मालिकेतही त्याला जुन्को होरी या बाईंनीच बोलतं केलं होतं.

आजीला काडीचंही नवल वाटलं नाही. "मंग? पयले बाप्ये बाया होत, आता बाया पोट्टे होऊन राहिल्या. फिट्टंफाट!" आणि माळ पुन्हा सुरू.

या फिट्टंफाटीच्या मागे तिच्या सासऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट होती. आमच्या घरात ती दर थंडीत निघे. सासरे तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. गावात भावाकडे एक मास्तर आजारी येऊन राहिलेत, तिकडे दंगा करायचा नाही, अशी पोरांना ताकीद होती. "आजारी माणूस निजते, हे मास्तर लिहून राहिले," याचंच मामंजींना अप्रूप वाटे, असं आजी सांगायची.

ते मास्तर म्हणजे राम गणेश गडकरी. ऐन विशीत ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, तिथल्या पोरांना शिकवू लागले आणि 'मास्तर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. 'भावबंधन' हे नाटक त्यांनी पुरं केलं आणि काही तासांतच, 23 जानेवारी 1919 रोजी, सावनेरला डोळे मिटले. वय 33. 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं. पुढे गावात त्यांच्या नावानं सहकारी साखर कारखाना निघाला, तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, मास्तरांनी यावर एक फर्मास विनोदी लेख लिहिला असता.

'एकच प्याला' लिहून तयार होतं, पण त्याचा प्रयोग त्यांना दिसला नाही. ते गेल्यावर पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं ते बडोद्यात रंगभूमीवर आणलं. त्यातली सिंधू झाले बालगंधर्व. तिच्या तोंडची पदंही मास्तरांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. म्हणजे गद्य एकाचं, पद्य दुसऱ्याचं, गळा आणि देह तिसऱ्याचा, तोही पुरुषाचा. तरी रडणाऱ्या थिएटरातल्या एकालाही सिंधू उसनी वाटली नाही.

याचा अर्थ मला फार उशिरा, मुंबईच्या एका डबिंग स्टुडिओत कळला. एका परदेशी मालिकेचं भाषांतर करून मी तिथं गेलो होतो. काचेपलीकडे माइकसमोर एक मुलगी उभी, अलीकडे कागद सांभाळणाऱ्या एक ताई. पहिल्याच वाक्याला माझी फजिती झाली. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले, तरी माझं वाक्य आपलं चालूच! शेवटी मी लिहिलं होतं, 'जाऊ नकोस'. ताईंनी पेन्सिलीनं ते खोडलं आणि लिहिलं, 'थांब'. ओठ मिटले आणि वाक्यही मिटलं. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं शाळेत आम्ही मार टाळण्यासाठी पाठ केली होती. ती पोटापाण्याला लागतात, हे त्या दिवशी समजलं.

ताईंच्या कागदाच्या समासात बारीक खुणा होत्या. इथं श्वास, इथं हुंदका, इथं पात्र पाठमोरं. पात्र पाठमोरं असलं की भाषांतरकाराची चैन, कारण ओठ दिसत नाहीत. शेजारी एक वही. कुठलं पात्र कुणाला 'तू' म्हणतं आणि कुणाला 'तुम्ही', त्याची नोंद. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच शब्द, पण मराठीत सातव्या भागापर्यंत सासऱ्याला 'अहो' म्हणणारी सून आठव्यात 'अरे' म्हणाली, तर घर मोडेल! मला आमच्या गावातल्या नाटकांचा प्रॉम्प्टर आठवला. विंगेत बसून तो अख्खं नाटक ओठांतल्या ओठांत बोलायचा. टाळ्या कधी त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

गावी आल्यावर हे सगळं आजीला सांगितलं. ती ऐकत होती की जप करत होती, कळलं नाही. मग म्हणाली, "आन् त्या दुसऱ्या नाटकाचं?"

दुसरं म्हणजे 'भावबंधन', मास्तरांनी जाता जाता पुरं केलेलं. ते बळवंत संगीत मंडळीनं केलं आणि त्यातली लतिका झाले दीनानाथ मंगेशकर. पुन्हा बाप्याच बाई. दहा वर्षांनी, 1929 साली, त्यांना मुलगी झाली. तिचं नाव हेमा होतं. पुढे ते मागं पडलं आणि बापानं रंगवलेल्या लतिकेवरून घरात 'लता' रुळलं. ती लता मोठी होऊन जन्मभर दुसऱ्यांच्या ओठांसाठी गायली.

आजीनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कुणाकडून ऐकलं, तेही तिला आठवत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की ज्या लिखाणासाठी मामंजींचा विटीदांडू बंद झाला होता, त्यात ते नाव होतं.

"आवाज काय, कोनाचाबी लावता येते," ती म्हणाली. "पन आधी कोनीतरी लिहून ठेवा लागते नं बापा."

तेवढ्यात भाचीनं टीव्हीचा आवाज वाढवला. आजी रागावली नाही.