हुतूतूचं नियमपुस्तक आणि आमची कॉमर्स फॅकल्टी

बडोद्याच्या खेळांचा विषय निघाला की गाडी क्रिकेटवर जाते. १९४६-४७ ची रणजी फायनल, हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागीदारी ५७७ आणि समोर होळकर संघ! (इंदूरकरांनी राग मानू नये.) पण आज मला लिहायचंय ते हुतूतूबद्दल.

आपल्याकडे तालमी जुन्या. प्रो. माणिकरावांचा जुम्मादादा व्यायाम मंदिराचा आखाडा तर महाराष्ट्रातही नावाजलेला. पण आखाड्यातला व्यायाम म्हणजे साधना. तिथे निकाल लागत नाही. हुतूतू गल्लीबोळात चालायचं, आणि गल्लीगणिक नियम वेगळे. दम कुठे सुटला, हात लागला की नाही, यावर डोकी फुटायची. हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापले आणि स्पर्धा भरवली. माझ्या मते त्या दिवशी हा खेळ शिक्षणात यायला लायक झाला. लिहिलेला नियम, तटस्थ पंच आणि चारचौघांत लागणारा निकाल. मी कॉमर्सवाला, म्हणून सांगतो, जमाखर्च मांडायची पद्धत ठरल्याशिवाय धंदा परक्या माणसाबरोबर करता येत नाही, तसंच हे.

पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९६१ मध्ये कबड्डी आंतरविद्यापीठ स्पर्धांत आली. आम्ही साठच्या दशकाच्या शेवटी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिरलो तेव्हा खेळ तोच, नाव मात्र बदललेलं. आमच्याकडे कॉलेज म्हणायची पद्धत नाही, फॅकल्टी म्हणतात. आंतरफॅकल्टी सामन्यांना आमच्या संघात दांडिया बाजार-रावपुऱ्याची आम्ही तिघं मराठी मुलं, बाकी खेडा जिल्ह्यातले हॉस्टेलवर राहणारे पटेल, एक सौराष्ट्रातला. गंमत म्हणजे त्यांच्या गावीही हुतूतूच म्हणत! वाड्यात वाढलेल्या आम्हाला गुजराती दुकानात बोलण्यापुरतं यायचं. पकडीची साखळी धरताना शेजारच्याचं मनगट हातात असतं, तो कुठल्या आळीचा हे बघायला सवड नसते. डावा कोपरा सांभाळणारा पटेल एका सीझनमध्ये आमच्याकडे पुरणपोळी खायला यायला लागला. वर्गात शेजारी बसून तीन वर्षांत जे झालं नाही ते मैदानावर तीन महिन्यांत झालं.

घरी मात्र विरोध. वडील म्हणायचे, "खेळून पोट भरत नाही. बी.कॉम. हो, बँकेत लाग." तसाच लागलो. पण लोण चढल्यावर, संघ पूर्ण बाद होऊन समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळाल्यावर, परत सातजण उभे राहून पहिली चढाई कोण करणार हे ठरवायचं असतं. वर्षअखेरीला ताळा जुळत नसताना रात्री अकरा वाजता स्टाफला थांबवून ठेवायचं बळ मला कॉस्टिंगच्या पुस्तकातून आलेलं नाही. तब्येतीसाठी फिरायला जाणं वेगळं आणि पंचाने विरुद्ध दिलेला निकाल गिळून पुढची चढाई करणं वेगळं. व्यायामाच्या नावाखाली पी.टी.चा तास ठेवून स्पर्धा बंद करायला निघालेल्यांना हा फरक कळत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातली एक मुलगी. खो-खो खेळते, विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आणि तिच्या कॉलेजने सांगितलं की स्पर्धेच्या तारखांना अंतर्गत परीक्षा आहे, पुन्हा घेणार नाही. वीस मार्क जाणार. घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते, मार्क सोडू नकोस. माझं मत विचारलं, मी म्हटलं, जा. मार्क तुझे आहेत, पण तिकडे अकराजणी तुझ्यावर अवलंबून आहेत. ती परवा रात्रीच्या गाडीने निघतेय.

१९६५ ते १९७५ च्या फॅकल्टी संघांचे फोटो कोणाकडे असतील तर खाली टाका. आमच्या संघाचा एकच होता, पुराच्या पाण्यात गेला.