चिऱ्याच्या भिंतीचं कातडं

गोव्यात जुनं घर विकत घेतलं की हल्ली पहिलं काम होतं ते भिंती सोलण्याचं. मजूर छिन्नी-हातोडा घेऊन वर चढतात, चुन्याचा गिलावा धपाधप खाली पाडतात, आतला तांबडा चिरा उघडा करतात, त्यावर चकचकीत पॉलिश मारतात आणि मग फोटो टाकला जातो : ‘अस्सल गोवन लुक’. फोंडा महालातल्या आमच्या वडिलोपार्जित घराचाही असाच ‘लुक’ करावा, असा प्रस्ताव यंदा आमच्या घरात आला आहे. म्हणून हे लिहायला बसलो. कुंपणाच्या गडग्याची गोष्ट वेगळी, पण राहत्या घराची चिऱ्याची भिंत, ज्याला परवडत होतं तो माणूस, गोव्यात कधी उघडी ठेवत नव्हता. ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो आहोत, ते खरं तर कातडं काढलेलं घर आहे.

आधी चिऱ्याविषयी. आपला जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने, पहारीने घडवता येतो. वारा-ऊन लागलं की तो कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. विटेसारखा कापता येतो म्हणून ते नाव. पण चिरा हातात घेऊन जवळून बघा. तो भोकाभोकांचा असतो, स्पंजासारखा. त्या भोकांत पिवळी-पांढरी माती असते. पाण्याने ती माती धुऊन गेली की चिरा आतून पोकळ होत जातो.

आणि पाणी किती? गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तोही सरळ नव्हे, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा, भिंतीवर चाबूक मारल्यासारखा. शिवाय जुन्या घरांत दोन चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंट नव्हतं. पुष्कळ घरांत तर चुनाही नव्हता, नुसता मातीचा चिखल असे. आमच्या घराच्या भिंती दोन-सव्वादोन फूट जाड आहेत आणि सांधे सगळे मातीचे. अशी भिंत उघडी ठेवली की पाऊस आधी सांधे खातो, मग चिरा. पूर्वजांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तीन गोष्टी केल्या. छपराची वळचण लांब काढली, भिंतीच्या बाहेर पडवी आणली, आणि भिंतीवर चुन्याचा गिलावा केला. ज्यांना चुना परवडत नव्हता ते पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांची विणलेली मल्लां भिंतीला बांधत. चार महिने घर झापांच्या आत बसलेलं. गरीब असो की श्रीमंत, भिंत झाकायची हे दोघांनाही माहीत होतं.

आता चुना कुठून यायचा? मुख्यतः नदी-खाडीतून. शिंपले, खुबे, कालवं यांच्या कवचांचा. आपण तिसऱ्यांचं सुकं खाऊन कवचं टाकून देतो, ती बांधकामाची सामग्री होती. कवचं आणि लाकूड यांचे थर भट्टीत रचून जाळायचे. साधारण नऊशे अंश उष्णतेत कवचातला कर्बवायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो सळसळतो, उकळतो, वाफ सोडतो आणि फुलून भुगा होतो. आजी सांगायची की चुना विरवायचा दिवस असला की आम्हा पोरांना मागच्या अंगणात पाऊल टाकायची बंदी असे, डोळ्यांत शिंतोडा गेला तर डोळाच जायचा. विरलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली ठेवायचा, जितका जुना तितका चांगला. भिंतीवर लावल्यावर हाच चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे खाडीतलं कवच भट्टीतून, खड्ड्यातून फिरून शेवटी भिंतीवर पुन्हा कवच होऊन बसतं. शाळेत रसायनशास्त्र शिकताना मला हे कोणी असं सांगितलं असतं तर त्या विषयाचं भय वाटलं नसतं.

कामाचं पंचांगही ठरलेलं होतं. चवथीच्या आधी घरात आतून सफेती. बाहेरच्या गिलाव्याला मात्र पाऊस पुरता थांबून भिंत सुकेपर्यंत हात लावायचा नाही. दसरा-दिवाळी उलटली की काम सुरू, शिमग्यापर्यंत आटोपतं. कारण चुन्याला घाई चालत नाही. भर उन्हात लावला तर पाणी झटकन उडून जातं आणि तो नुसती पूड होऊन हाताला लागतो. भर ओलीत लावला तर आवळतच नाही. आपल्या दमट हवेचा एक फायदा असा की थंडीच्या दिवसांत भिंत सावकाश सुकते, आणि सावकाश सुकलेला गिलावा पिढ्यान् पिढ्या टिकतो. थर एकदम जाड मारायचा नाही. आधी भिंत भिजवायची, मग जाड रेतीचा पहिला हात. तो सुकायला आठ-पंधरा दिवस. मग दुसरा. शेवटी बारीक चाळलेल्या चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गुळगुळीत दगडाने घोटणं. रेती नदीची, नाहीतर दहादा धुतलेली, कारण मीठ राहिलं की भिंतीला लोणा लागतो. चुन्यात गुळाचं पाणी घालायचे. त्याने चुना थापीखाली लवचीक राहतो, पटकन आवळत नाही.

आमच्याकडे काम करणारा गवंडी ख्रिस्ती होता. त्याला सगळे नुसतं ‘मेस्त’ म्हणत. त्याने आमच्या भिंती केल्या, अंगणातलं तुळशीवृंदावन केलं आणि पलीकडच्या वाड्यावरच्या खुरसाच्या चबुतऱ्यालाही त्याचाच हात होता. चुना तोच, थापी तीच. आणि खरं कष्टाचं काम बायकांचं. चुना-रेती दिवसचे दिवस कुटायची, चाळायची, टोपल्या वर द्यायच्या. त्यांच्यापैकी एकीचंही नाव आमच्या घरच्या हिशेबाच्या वह्यांत नाही. नुसतं ‘बायलां चार’ असं लिहिलेलं आहे आणि पुढे मजुरीचा आकडा.

हा चुना फक्त राखणदार नव्हता, तो पाटीही होता. आपल्या किनाऱ्यावर, पेडणे-डिचोलीपासून खाली गोकर्ण-भटकळपर्यंत, जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगात वेली, हत्ती, देवदेवता दिसतात, ती कावी कला. शंख-शिंपल्यांचा चुना, धुतलेली रेती आणि गूळ यांचं मिश्रण काही दिवस आंबवायचं, कुटायचं. त्याचा पांढरा गुळगुळीत गिलावा करायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार सळीने कोरायचा. कोरलं की खालचा पांढरा दिसतो. रंग वर लावलेला नसतो, गिलाव्यातच मुरलेला असतो. म्हणून ऊनपावसात पुष्कळ टिकतो. डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव फिरून या कलेची नोंद केली नसती तर आपल्यापैकी बहुतेकांना तिचं नावही कळलं नसतं. ही चित्रं गेली ती बहुतेक जीर्णोद्धारात. गिलावा फोडला, ग्रॅनाइट नाहीतर टाइल्स बसवल्या आणि चित्रं मलब्यात गेली.

आमच्या फोंड्यातच पाहा. १५६० साली कुशस्थळीहून मंगेशी आमच्या बाजूला आला. त्याच साली अली आदिलशहाच्या काळात साफा मशीद उभी राहिली. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमारास, पुरं झालं. देव वेगळे, राज्यं वेगळी, पण अंगावरचं कातडं एकच : चिरा आणि वर चुना. मंगेशीची सात मजली दीपमाळ डोळ्यांत भरते ती तिच्या गिलाव्यामुळे. तिच्या उघड्या चिऱ्याची कल्पना करून बघा.

उघड्या चिऱ्याचं काय होतं हे बघायचं असेल तर जुन्या गोव्यात जा. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, पांढरंशुभ्र, चुन्यात गुंडाळलेलं. दुसऱ्या बाजूला बॉम जेझू बासिलिका, तांबडी. १५९४ मध्ये बांधायला घेतलेली, १६०५ मध्ये पुरी झालेली. आपल्याला वाटतं ती पहिल्यापासून तांबडीच. तसं नाही. तिच्या बाहेरच्या भिंतींवरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या बाल्ताझार कास्त्रो नावाच्या वास्तुरचनाकाराने तो काढायला लावला. दगड दिसला की इमारत जुनी, भारदस्त वाटते, असा त्या काळचा समज. तेव्हापासून सत्तर पावसाळे त्या भिंतींनी उघड्या अंगावर घेतले. चिरा झिजतो आहे, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर गेली काही वर्षं जाहीर वाद चालू आहे. विरोध करणारे म्हणतात, आमच्या डोळ्यांसमोरची बासिलिका तांबडीच आहे. त्यांचं म्हणणं मला समजतं. तीन पिढ्यांनी तीच पाहिली. पण तिच्या सव्वाचारशे वर्षांच्या आयुष्यातली पहिली साडेतीनशे वर्षं ती गिलाव्यात होती, हेही तितकंच खरं.

मग सिमेंट आलं. आमच्या भागात ते घरोघर पोचलं ते मुक्तीनंतर, १९६१ च्या पुढच्या वर्षांत. दर दोन-तीन वर्षांनी चुना कोण काढणार, मेस्त मिळत नाही, एकदा सिमेंट मारा आणि सुटा, असा सगळ्यांचा विचार झाला. त्यात चूक काही नाही, माणसं शहराकडे गेली होती. अडचण एवढीच की जुनी चिऱ्याची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि ती बाहेर सोडायला तिला वाट लागते. चुना ती वाट देतो. भिंत रात्री ओली झाली तरी दिवसा सुकते. सिमेंटचा गिलावा घट्ट, त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला रस्ता नाही. मग ओल घराच्या आतल्या बाजूला फुटते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पंचवीस वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने सिमेंट मारून दिलं. आज त्यावर बोटाने टकटक केलं तर ढोलासारखा आवाज येतो. मागे चिऱ्याचा ओला भुगा आहे. बाकीच्या तीन भिंती, आजोबांच्या वेळच्या चुन्याच्या, कळकट झाल्या आहेत, शेवाळ आलं आहे, पण ठोकून बघितलं तर घट्ट.

आता घरातला प्रश्न. माझा पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, “दादा, सगळं सोलून काढू आणि सीलर मारू. घर भाड्याने देता येईल, निदान चालतं राहील.” आप्पाकाका म्हणतात, “सिमेंट मारा आणि मोकळे व्हा, माझ्याच्याने आता दर वर्षी बघवत नाही.” दोघांच्याही बोलण्यात घराची काळजीच आहे. बंद घर कोसळतं, हे आमच्याच वाड्यावर तीनदा पाहिलंय. मी त्यांच्यापुढे एवढंच ठेवलं : पडायला आलेलं सिमेंट फक्त पश्चिमेचं काढू, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून सुकू देऊ, पावसात झापं बांधू आणि दिवाळीनंतर चुना करू. बाकीच्या तीन भिंतींना छिन्नी लावायची नाही, नुसतं घासून सफेतीचे दोन हात. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आहे, हे लपवून ठेवलं नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला मला दोन महिने लागले, तो सीमेपलीकडे सावंतवाडीकडे मिळाला. सत्तरी ओलांडलेला आहे. त्याच्याबरोबर त्याचा नातू येणार आहे, शिकायला. आप्पाकाका त्या नातवाचं ऐकल्यावर गप्प झाले, आणि मग म्हणाले, “बरं, एक भिंत करून बघूया.”

खानापूर-बेळगावकडच्या मंडळींची घरं याच दगडाची आहेत, त्यांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणार. हैदराबादच्या मंडळींच्या चारमिनारावरची चुन्याची नक्षी पावसात कशी जपावी लागते, हे तिथले लोक जाणतातच. तर कृपा करून एक करा. भिंतीला हात लावण्याआधी ठोकून बघा. घट्ट वाजणारा चुना पाडू नका. आणि तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा : चुना कुठून यायचा, त्यात काय घालत, गिलावा करणारे कोण होते, आणि चुना कुटणाऱ्या बायकांपैकी कोणाचं नाव आठवतं का. आमच्या वहीत ‘बायलां चार’ एवढंच आहे. तुमच्याकडे जास्त असेल.