मेलरोज ते हाँगकाँग : सात खेळाडूंची रग्बी आणि परिघाचा प्रश्न

वाङ्मयप्रकारांच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा एक सरळ रेषा गृहीत धरतो : प्रकार केंद्रात जन्मतो, परिघाकडे जातो आणि तेथे त्याचे अनुकरण होते. ही रेषा कोठे अपुरी पडते हे तपासण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण येथे घेतले आहे. ते म्हणजे हाँगकाँग येथे १९७६ पासून भरत आलेली ‘सेव्हन्स’ ही रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

या खेळाच्या वासाहतिक इतिहासात भारताचाही एक निर्देश येतो. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७० च्या दशकात बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढून ती वितळवली आणि तिचा चषक घडवून घेतला. नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता चषक’ १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी दिला जातो. परिघावरचे रुपे केंद्रात गेले आणि केंद्रातल्या दोघांपुरतेच राहिले. हाँगकाँगच्या स्पर्धेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर नीट लक्षात येते.

सात खेळाडूंचा हा प्रकार १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या सीमाभागातील मेलरोज या लहान गावी सुरू झाला. त्याच्या कल्पनेचे श्रेय परंपरेने नेड हेग या खाटकाच्या व्यवसायातील खेळाडूला दिले जाते. स्थानिक क्लबला पैशांची चणचण होती. एका दुपारी अनेक सामने खेळवून निधी जमवायचा, तर पंधरा-पंधरांचे संघ शक्य नव्हते. म्हणून खेळाडू कमी केले, वेळ कमी केला. मैदान मात्र तेवढेच ठेवले. हा संक्षेप गरजेपोटी झाला, परंतु त्याने खेळाचे व्याकरणच बदलले. पंधरांच्या रग्बीतील आठ जणांच्या स्क्रमऐवजी येथे तिघांचा स्क्रम असतो. धिप्पाड शरीरांच्या रेटारेटीपेक्षा मोकळ्या जागेत धावणे आणि अचूक पास देणे येथे निर्णायक ठरते. सात-सात मिनिटांच्या दोन डावांत बलाढ्य संघालाही चूक सावरण्यास अवधी मिळत नाही. शिवाय लहान संघाचा प्रवासखर्चही लहान असतो. दुर्बल मंडळांना झेपेल अशी ही रचना होती. तरीही सुमारे नव्वद वर्षे ती मुख्यतः ब्रिटनमधील क्लबांच्या हंगामी करमणुकीपुरती उरली. राष्ट्रीय संघांची पहिली सेव्हन्स स्पर्धा १९७३ मध्ये एडिंबरोच्या मरेफील्ड मैदानावर झाली, तीही स्कॉटिश रग्बी मंडळाच्या शताब्दीनिमित्त.

२८ मार्च १९७६ रोजी हॅपी व्हॅलीतील फुटबॉल क्लबच्या मैदानावर हाँगकाँगची पहिली स्पर्धा झाली. तिच्यामागे स्थानिक रग्बी मंडळाचे अध्यक्ष टोकी स्मिथ आणि रॉथमन्स या तंबाखू कंपनीचे अधिकारी इयन गो यांची योजना होती. हौशीपणाच्या नीतीचा आग्रह धरणाऱ्या तत्कालीन रग्बीत हे व्यापारी प्रायोजकत्वही नवे होते. बारा संघांत फिजी, टोंगा, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया, कोरिया, जपान होते. अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या ‘कँटाब्रियन्स’ने ऑस्ट्रेलियाच्या ‘वॉलरूज’ना हरवले. म्हणजे रग्बीतील प्रस्थापित देशांचे संघ राष्ट्रनामाविना आले होते, आणि १९७० मध्ये स्वतंत्र झालेल्या फिजीसारख्या देशाचा संघ राष्ट्र म्हणून उतरला होता. नवस्वतंत्र राष्ट्रांचे हे संमेलन ब्रिटिश वसाहतीच्या भूमीवर भरावे, हा इतिहासातील विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

पुढील दोन्ही वर्षी, १९७७ आणि १९७८ मध्ये, फिजी विजेता ठरला. १९९७ मध्ये हाँगकाँगला झालेला सेव्हन्सचा विश्वचषक वैसाले सेरेवीच्या नेतृत्वाखाली फिजीने दक्षिण आफ्रिकेला २४-२१ असे हरवून जिंकला. २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे हाँगकाँगचे विजेतेपद फिजीकडेच होते. २०१६ मध्ये रिओ येथे सेव्हन्सचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला, तेव्हा फिजीने ग्रेट ब्रिटनचा ४३-७ असा पराभव करून आपले पहिले ऑलिंपिक पदक मिळवले. त्याप्रीत्यर्थ तेथे सात डॉलरची स्मारक नोट काढण्यात आली. कलकत्त्यात नाण्यांचा चषक झाला होता. येथे विजयाचे चलन झाले.

तथापि परिघाचा असा गौरव करताना परिघातील परिघ विसरता येत नाही. कलकत्ता चषकाचा पहिला सामना झाला त्याच १८७९ साली भारतीय गिरमिटियांचे पहिले जहाज फिजीला पोहोचले. त्यांचे वंशज प्रामुख्याने फुटबॉलकडे वळले. रग्बी ही मूळ फिजीवासीयांच्या अस्मितेची खूण झाली. १९८७ च्या लष्करी उठावांनंतर असंख्य भारतीय वंशीयांनी देश सोडला. मैदानावरचे ‘राष्ट्र’ आणि देशातली माणसे यांतील हे अंतर अभ्यासकाने डोळ्यांआड करू नये. हाँगकाँगच्या प्रेक्षागृहातही दीर्घकाळ परदेशस्थ नोकरदारांचा भरणा मोठा होता, हेही याच संदर्भात पाहावे लागते.

यजमान नगराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जुलै १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे सुपूर्द झाले. वसाहत संपली, स्पर्धा राहिली. १९९९-२००० मध्ये सुरू झालेल्या जागतिक सेव्हन्स मालिकेत ती मानाचा टप्पा ठरली. साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये पडलेला खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. २०२५ पासून ती जुन्या विमानतळाच्या जागी उभारलेल्या काय टाक क्रीडासंकुलात भरू लागली. जे कधीच राष्ट्र नव्हते, त्या हाँगकाँगचा स्वतंत्र संघ या सर्व काळात राष्ट्रांच्या रांगेत खेळत आला.

या इतिहासाचा तुलनाकारासाठी निष्कर्ष असा की, प्रकाराचा जन्म आणि त्याच्या सामर्थ्याचा उलगडा या दोन घटना वेगळ्या असतात, आणि त्या एकाच ठिकाणी घडतील असे नाही. मेलरोजने एक सोय शोधली. त्या सोयीत किती शक्यता दडल्या होत्या, हे ज्यांना पंधरांच्या खेळात दुय्यम स्थान होते त्यांनी दाखवले. म्हणून सुनीत किंवा कादंबरी मराठीत कोठून आली, एवढे विचारून आपले काम संपत नाही. येथे आल्यावर त्या प्रकाराला स्वतःविषयी काय नवे कळले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.