अॅम्बॅसडर आणि फियाट : एक हिशेब



मी कारखान्यांच्या दारांवर वाढलेला माणूस. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशी नाही. जे थोडेफार कळते ते मिस्त्रींच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो. तेथे एक वाद कधीच मिटत नसे : अॅम्बॅसडर चांगली की फियाट? आज तो आकड्यांनी सोडवून पाहू.

अॅम्बॅसडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ च्या सुमारास बंगालमध्ये उत्तरपाड्यास काढली. तिचे पुढे रूढ झालेले इंजिन १४८९ सी.सी.चे, शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती, वजन अकराशे किलोंच्या वर. फियाट ११०० मूळची इटलीची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यास बनविली. पुढे तीच ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सी.सी., शक्ती सुमारे ४०, वजन नऊशे किलोंच्या आसपास.

आता भागाकार करा. दर टनामागे दोघींच्या वाट्याला येते ४५ अश्वशक्तीच्या आसपास! म्हणजे ताकद एकाच तोलाची. फरक उरतो तो अंगकाठीचा. अॅम्बॅसडर ऐसपैस; मागे सबंध कुटुंब मावावे, खाचखळग्यांचा रस्ता तिला मानवावा. फियाट आखूड नि हलकी. गर्दीत चटकन वळणारी. कलकत्त्याने एक टॅक्सीला जुंपली, मुंबईने दुसरी. दोहोंना आपापल्या प्रांतातला कारखानाही जवळ होता.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे, शक्ती चाळिशीच्या आत; पण वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. दर टनामागे साठ! धाकटीने दोघी थोरल्यांना मागे टाकले. कारण थोरल्यांच्या मूळ आराखड्याला पाव शतकात कोणी फारसा हात लावला नव्हता. परवाने मोजके, परदेशी गाडीला दार बंद, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे. मग मालकाने नवा साचा पाडावा कशाला?

“कामगारांनी कारखाने बुडविले,” असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, गाडीचे वजन काय फिटरने ठरविले होते? आराखडा कामगाराच्या हाती कधीच नव्हता. मात्र थोडा दोष आमच्याही पदरात घालावयास हवा. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी वाटाघाटींना बसत असे. बोनस मागितला, महागाई भत्ता मागितला, कँटीन मागितले. दहा वर्षांनी येथे काय बनणार आहे, हा प्रश्न एकदाही टेबलावर ठेवला नाही. कारखान्याला टाळे लागले तेव्हा तो प्रश्न आमच्या घरी आला.

पद्मिनीचे उत्पादन शतक पालटता पालटता थांबले. उत्तरपाड्याचे काम मे २०१४ मध्ये बंद झाले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. मिस्त्रींचा वाद बरोबरीत सुटला म्हणा. धडा मात्र एकच : मजुरीचा हिशेब मागणाऱ्याने उद्याच्या कामाचाही हिशेब मागावा, आणि तो काम हातात आहे तोवरच मागावा.