कुणी राहत नव्हतं म्हणे! सेमिपालातिन्स्कच्या माळाची गोष्ट

मध्य आशिया म्हटलं की आपल्या मुस्लिम घरांत दोनचार नावं ठरलेली असतात. इमाम बुखारींमुळे बुखारा, तैमूरमुळे समरकंद, बाबरामुळे फरगाना आणि शास्त्रीजींमुळे ताश्कंद. सेमेय हे नाव मी कधी कुठल्या तकरीरीत ऐकलं नाही. इज्तेमाच्या दुआत पॅलेस्टाईन येतं, बोस्निया येतं, चेचन्याही येतं. सेमेय येत नाही. कझाकस्तानच्या ईशान्येला इर्तिश नदीकाठी वसलेल्या या शहराला रशियन लोक सेमिपालातिन्स्क म्हणत. त्याच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या माळावर सोव्हिएत संघानं चाळीस वर्षांत ४५६ अणुस्फोट केले. खाली राहणारे लोक मुसलमान होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि नंतर आपणही त्यांची विचारपूस केली नाही.

या क्षेत्राला तिथले लोक नुसतं ‘पोलिगॉन’ म्हणतात. रशियन भाषेत त्याचा अर्थ शस्त्रचाचणीचं मैदान. क्षेत्रफळ सुमारे १८,५०० चौरस किलोमीटर. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो, रत्नागिरी आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर साधारण एवढी जमीन होते. १९४७ साली ही जागा निवडली गेली तेव्हा अणुबॉम्ब प्रकल्पाची सूत्रं स्टालिनचा गृहखात्यातला उजवा हात लावरेंती बेरिया याच्या हाती होती. जागेबद्दल सांगितलं गेलं की ती निर्मनुष्य आहे.

निर्मनुष्य! या एका शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे.

याच माळाच्या दक्षिणेला चिंगीझचे डोंगर आहेत. कझाक भाषेचा सगळ्यात मोठा कवी अबाय कुनानबायेव (१८४५–१९०४) तिथला. सेमेयच्या मदरशात तो अरबी-फारसी शिकला, आणि रशियन पुस्तकांची गोडी त्याला याच शहरात लागली. त्याचा पुतण्या शकारिम कुदायबेर्दियेव हाही कवी. १९०५-०६ मध्ये तो हजला गेला आणि १९११ साली सामान्य कझाक माणसासाठी, त्याच्याच भाषेत, मुसलमान असण्याच्या अटी सांगणारं पुस्तक छापलं. आपल्याकडे दीनियातची मराठी पुस्तकं निघतात, त्याच जातीचं काम. कादंबरीकार मुख्तार औएझोवही इथलाच. म्हणजे ज्याला मॉस्कोत निर्मनुष्य म्हटलं गेलं, ते कझाक साहित्याचं माहेर होतं.

मग नकाशावर ती जागा रिकामी का दिसली? एक कारण साधं आहे. कझाक लोक मेंढपाळ. हिवाळ्याचा मुक्काम एकीकडे आणि उन्हाळ्यातलं कुरण दुसरीकडे. चुकीच्या महिन्यात गेलात तर तिथे माणूस दिसणार नाही. पण प्रत्येक कुटुंबाला आपला हिवाळी मुक्काम कोणता, विहीर कोणती आणि सात पिढ्यांचे पूर्वज कुठे पुरलेत हे तोंडपाठ असतं. आपल्याकडे धनगरांची चराईची रानं सरकारी कागदावर ‘पडीक’ होतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं कारण मात्र साधं नाही. १९३० ते १९३३ या काळात स्टालिनच्या सरकारनं कझाकांची जनावरं सक्तीनं काढून घेतली, भटक्या कुटुंबांना सामूहिक शेतांवर डांबलं, आणि त्यातून असा दुष्काळ पडला की सुमारे पंधरा लाख माणसं मेली. त्यातले बहुसंख्य कझाक होते. लाखो लोक चीनकडे आणि इतरत्र पळाले. कझाक आपल्याच प्रजासत्ताकात अल्पसंख्य झाले. शकारिमला १९३१ च्या ऑक्टोबरात गुप्त पोलिसांनी गोळी घालून एका कोरड्या विहिरीत टाकलं. जनाजा नाही, कबर नाही. तीस वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याच्या मुलानं ती विहीर उपसून बापाची हाडं काढली आणि अबायच्या शेजारी पुरली. तोवर आजूबाजूला बॉम्ब फुटत होते. आधी माणसं संपवायची आणि मग पंधरा वर्षांनी येऊन म्हणायचं की इथे फारसं कुणी राहत नाही!

२९ ऑगस्ट १९४९ ला सकाळी सात वाजता पहिला बॉम्ब फुटला. एका मनोऱ्यावर तो ठेवलेला होता आणि भोवती मुद्दाम बांधलेल्या इमारती, पूल, रणगाडे, विमानं आणि बांधून ठेवलेली जनावरं होती. कशाचं काय होतं ते बघायला. वारा ईशान्येकडे वाहत होता. इर्तिशकाठचं दोलोन हे गाव शंभरावर किलोमीटर दूर, ते थेट त्या ढगाच्या वाटेत आलं. दोलोनच्या लोकांना कुणी हलवलं नाही, काही सांगितलंही नाही. १९५३ च्या ऑगस्टमध्ये चारशे किलोटनांची चाचणी झाली तेव्हा मात्र गावं रिकामी केली गेली. तरीही काराउल या गावात चाळीस पुरुषांना मागे ठेवण्यात आलं होतं, असं तिथले लोक आजवर सांगत आले आहेत.

आता विमानतळाकडे येतो, कारण हा सगळा कारभार विमानांशिवाय चालला नाही. १८ ऑक्टोबर १९५१ ला सोव्हिएत संघानं विमानातून टाकलेला पहिला अणुबॉम्ब याच माळावर पडला. पण सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग १९५५ च्या नोव्हेंबरातला आहे. सेमेय शहरापलीकडे, नदीच्या डाव्या काठावर झाना-सेमेयचा लष्करी विमानतळ. २० नोव्हेंबरला तिथून एक तुपोलेव-१६ बॉम्बर उडालं. त्याच्या पोटात हायड्रोजन बॉम्ब होता. वर गेल्यावर ढग दाटून आले. रडारवर नेम धरायचं यंत्र बिघडलं. बॉम्ब टाकता येईना आणि इंधन संपत चाललेलं. डोंगरात कुठेतरी फेकून द्यावा की परत घेऊन उतरावं? खाली नियंत्रण कक्षात आंद्रेई सखारोव आणि याकोव झेल्दोविच या शास्त्रज्ञांकडून लिहून घेतलं गेलं की बॉम्बसकट उतरायला हरकत नाही. धावपट्टीवर बर्फ जमला होता, तो जवानांकडून खरवडून घेतला. विमान नीट उतरलं. शेजारच्या लाखभर वस्तीच्या शहरात तेव्हा लोक भाजी घेत होते, मुलांना शाळेतून आणत होते. काय टळलं ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

दोन दिवसांनी तेच विमान पुन्हा उडालं आणि या वेळी बॉम्ब टाकला. त्याची ताकद १.६ मेगाटन होती, म्हणजे हिरोशिमाच्या शंभरपट. त्या दिवशी हवेच्या वरच्या थरात उष्णता अडकलेली होती, त्यामुळे धक्का अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरात जमिनीवर आदळला. सेमेयमधल्या खिडक्या फुटल्या. एका गावात एक लहान मुलगी निवाऱ्याखाली दबून मेली, दुसरीकडे खंदक कोसळून एक जवान मेला. सखारोवनं पुढे आत्मचरित्रात हे दोन मृत्यू नोंदवले आहेत. त्याच्या मनाला त्या दिवसापासून टोचणी लागली आणि पुढचा सखारोव जगाला ठाऊक आहे. त्याचं मोठेपण मी मान्य करतो. पण त्याचं नाव नोबेलच्या यादीत आहे, आणि त्या मुलीचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

१९६३ च्या करारानंतर स्फोट जमिनीखाली गेले. देगेलेन डोंगरात बोगदे खणले गेले, इतरत्र खोल विहिरी. ४५६ पैकी ३४० स्फोट असे भूमिगत आहेत. ‘शांततामय उपयोग’ म्हणूनही काही झाले. जानेवारी १९६५ मध्ये चगान नदीच्या पात्रात १४० किलोटनांचा स्फोट करून चारशे मीटरहून रुंद खड्डा पाडला, त्यात वसंतात पुराचं पाणी भरलं आणि गुरांसाठी तळं तयार झालं असं जाहीर केलं. त्याला लोक आजही ‘अणुतळं’ म्हणतात.

गावांतल्या आजारांचं काय झालं, हे या इतिहासातलं मला सगळ्यात संतापजनक वाटणारं पान आहे. १९५७ नंतर बाखिया आत्चाबारोव आणि सैम बालमुखानोव या कझाक डॉक्टरांनी गावोगाव तपासण्या केल्या. नाकातून-हिरड्यांतून रक्त, त्वचेवर डाग, रक्तपेशींत घट अशी लक्षणं एकत्र दिसली. आत्चाबारोव यांनी कैनार गावावरून त्याला ‘कैनार लक्षणसमूह’ असं नाव दिलं. मॉस्कोच्या तज्ज्ञांनी निकाल दिला की हे सगळं निकृष्ट आहार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि जनावरांपासून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमुळे आहे. म्हणजे दोष लोकांच्या राहणीचा. डॉक्टरांचं काम बंद पडलं. त्याच सुमारास सेमेयमध्ये एक दवाखाना उघडला होता. पाटीवर नाव ‘ब्रुसेलोसिस प्रतिबंधक दवाखाना क्रमांक ४’. आत काम चालायचं किरणोत्साराचा माणसांवर काय परिणाम होतो ते नोंदवायचं. लोकांना तपासायचे, पण आजार काय ते सांगायचे नाहीत.

हे थांबलं कसं? इथे दुसरा विमानतळ येतो. सेमेय आणि कुर्चातोव या बंद शहराच्या मधोमध चगान नावाचा मोठा हवाई तळ होता. परदेशी कागदपत्रांत त्याला जवळच्या गावावरून दोलोन म्हणतात, तेच १९४९ च्या ढगाखालचं दोलोन. तिथे तुपोलेव-९५ ही लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं असत आणि वैमानिकांच्या कुटुंबांसाठी एक पूर्ण गाव वसवलेलं होतं. १२ फेब्रुवारी १९८९ च्या भूमिगत स्फोटातून किरणोत्सारी वायू बाहेर फुटला आणि वाऱ्यानं थेट त्या लष्करी वसाहतीवर आला. तळावर मोजमापाची यंत्रं होती. काटा चढला आणि अधिकाऱ्यांनी तो सेमेयच्या नागरी नेतृत्वाला कळवला. पक्षाचे स्थानिक सचिव केशरिम बोझताएव यांनी मॉस्कोला तार केली. बातमी कवी ओल्झास सुलेमेनोव यांच्यापर्यंत पोचली. २५ फेब्रुवारीला ते दूरचित्रवाणीवर निवडणुकीचा उमेदवार म्हणून बोलणार होते. ठरलेलं भाषण बाजूला ठेवून त्यांनी गळतीची बातमी सांगितली आणि लोकांना लेखक संघाच्या इमारतीपाशी बोलावलं. २८ फेब्रुवारीला अल्मा-अतात हजारोंची गर्दी झाली. चळवळीचं नाव ठरलं ‘नेवाडा–सेमिपालातिन्स्क’, कारण अमेरिकेनंही आपले स्फोट शोशोनी आदिवासींच्या अशाच ‘रिकाम्या’ जमिनीवर केले होते.

चाळीस वर्षं मेंढपाळांच्या नाकातून रक्त येत होतं, तो पुरावा ठरला नाही. गणवेशातल्या माणसांच्या वसाहतीत काटा चढला, तेव्हा तो पुरावा ठरला. हे कटू आहे, पण त्या अधिकाऱ्यांनी काटा लपवला नाही हेही नोंदवायला हवं.

त्या वर्षी ठरलेल्या अठरा स्फोटांपैकी अकरा रद्द झाले. शेवटचा १९ ऑक्टोबर १९८९ ला झाला. २९ ऑगस्ट १९९१ ला, पहिल्या स्फोटाच्या तारखेलाच, पोलिगॉन कायमचा बंद करण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर चारच महिन्यांत सोव्हिएत संघ संपला आणि कझाकस्तानच्या भूमीवर चौदाशेच्या आसपास लांब पल्ल्याची अण्वस्त्रं उरली. जगातला चौथ्या क्रमांकाचा साठा, तोही मुस्लिमबहुल देशात!

‘इस्लामी बॉम्ब’ हा शब्द आपल्याकडे कुजबुजीत फार चालायचा. मे १९९८ मला चांगला आठवतो. पोखरणनंतर एका मोहल्ल्यात अब्दुल कलामांचं नाव घेऊन पेढे वाटले जात होते आणि दोन आठवड्यांनी चगाईनंतर सीमेपलीकडे मिठाई वाटली गेली. बॉम्बचा धर्म कोणता यावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना कझाकस्तान ठाऊकच नव्हता. बॉम्ब झेललेला हा मुस्लिम मुलूख, आणि त्यानं साठा परत दिला. चगानच्या तळावरची चाळीस तुपोलेव-९५ विमानं फेब्रुवारी १९९४ पर्यंत रशियाला गेली. एप्रिल १९९५ पर्यंत शेवटचं अण्वस्त्रही गेलं. हे केवळ पुण्याईनं झालं असं मी म्हणणार नाही. बॉम्बच्या किल्ल्या मॉस्कोत होत्या, अमेरिकेचा दबाव होता, नव्या देशाला पैसा हवा होता. पण अण्वस्त्रं ठेवावीत म्हणून रस्त्यावर उतरणारी गर्दी तिथे निघाली नाही. सेमेयच्या घराघरात त्याचं कारण होतं.

विमानं गेल्यावर चगान ओस पडलं. खिडक्या, नळ, तारा, विटासुद्धा लोकांनी नेल्या. पोलिगॉनवर तेच घडलं, फक्त जास्त धोक्याचं. बेकारीतून आलेली माणसं तांब्याच्या तारांसाठी देगेलेनचे बोगदे उकरू लागली, आणि त्या बोगद्यांत प्लुटोनियम शिल्लक होतं. ते काँक्रीटनं बुजवायचं काम कझाक, रशियन आणि अमेरिकन लोकांनी गुपचूप केलं, आणि ते २०१२ पर्यंत चाललं.

१९९२ च्या डिसेंबरात पीडितांसाठी कायदा झाला. एकरकमी भरपाई, काही सवलती आणि एक दाखला, ज्याला लोक ‘पोलिगॉनचा पासपोर्ट’ म्हणतात. रुबल आणि मग टेंगे घसरत गेले तशी भरपाईची किंमत नाहीशी झाली. दवाखाना क्रमांक ४ ची बरीचशी कागदपत्रं आधीच मॉस्कोला गेली होती, त्यामुळे आपल्या आजोबांच्या रक्तात काय सापडलं होतं हे नातवाला कळायची सोय नाही. २०२२ मध्ये सेमेय ही राजधानी करून नवा प्रांत काढला गेला, त्याचं नाव अबाय. पोलिगॉनला पूर्ण कुंपण कधीच नव्हतं. स्फोट थांबल्यावर काही मेंढपाळ आपल्या जुन्या हिवाळी मुक्कामांवर परतले. विहिरी कुठे आहेत ते त्यांच्या घरांत अजून ठाऊक होतं.